आईच्या तोंडाचं माप

शनिवार, २१ नोव्हेंबर
सकाळ

प्रिय ताई,

माझा तिकडचा रहिवासी परवाना काल संपला. वकिलातीतल्या बाईंनी दुपारी तीनच्या सुमारास फोनवर तसं सांगितलं. मी पुन्हा विचारलं तेव्हा माझा क्रमांक वाचून दाखवला आणि परत तेच सांगितलं. सलग सहा महिने देशाबाहेर राहिलं की तो आपोआप बाद होतो, आणि माझे सहा महिने काल भरले. महामारीमुळे अडकलेल्यांसाठी सवलतीचा अर्ज होता, त्याचीही मुदत कालचीच. बाई भल्या होत्या. म्हणाल्या, अगदी आज सकाळी पाठवला असता तरी घेतला असता. मी म्हटलं, मला माहीत होतं.

बातमी आधी देते आहे, कारण मी हवापाण्यापासून सुरुवात केली की तू पानं उलटत मुद्दा शोधत बसतेस. आता रीतीप्रमाणे बाकीचं. तुम्हा सगळ्यांना नमस्कार आणि मुलांना पापा. भाऊजींचा खोकला गेला का? शाळा अजून कॉम्प्युटरवरच चालू आहे का? आम्ही दोघी ठणठणीत आहोत. आईचं वजन काल एक्कावन्न किलो भरलं. मी आले तेव्हा त्रेचाळीस होतं. हा आकडा लक्षात ठेव, पुढे लागणार आहे.

पत्र लिहायचं कारण असं की फोनवर तू मला वाक्य पुरं करू देत नाहीस, आणि तुझा फोन नेहमी स्पीकरवर असतो. टपालाला सध्या सहा आठवडे लागतात असं पोस्टातल्या काउंटरवरचे गृहस्थ म्हणाले, म्हणून पानांचे फोटो काढून पाठवते. अक्षर बिघडलंय, चालवून घे. मधे तोडायची सोय नाही, एवढंच मला हवं होतं.

सवलतीचा अर्ज भाऊजींनी सगळा भरून पाठवला होता, फक्त माझी सही बाकी ठेवून. त्यांचे आभार मान, हे मनापासून म्हणते. पण दुसऱ्या पानावर एक वाक्य होतं : ‘इच्छा असूनही मी परत येऊ शकले नाही.’ ताई, विमानं ऑगस्टपासून चालू आहेत. तू मला तीनदा जागा शोधून दिलीस. मी येऊ शकत होते, आले नाही. खोटं लिहून सवलत घेण्यापेक्षा खरं सांगून परवाना गेलेला मला परवडला.

आता गेल्या रविवारी तू जे बोललीस त्याबद्दल. तू म्हणालीस, मी तुला फसवलं. तीन महिन्यांसाठी मला पाठवलं होतं ते आईचं सामान बांधायला, तिला त्या वृद्धनिवासात पोचवायला आणि घराला कुलूप लावून परत यायला. एवढं साधं काम, आणि मी तिच्या घरात पाय पसरून बसले. आधी म्हणाले, निवासवाले संसर्गामुळे नवीन माणूस घेत नाहीत. मग म्हणाले, आईचा पाय मुरगळलाय. मग म्हणाले, कागद सापडत नाहीत. यातलं पहिलं जूनपर्यंत खरं होतं. पाय मुरगळला नव्हता. कागद माझ्या उशाखाली होते.

आणि शेवटी तू म्हणालीस, “आईला आणायला जाणारी बाई बॅगेत पितळी जबडा घेऊन जाते का गं? तुझं आधीपासूनच ठरलं होतं.”

त्यावर मी फोन ठेवला. मेणाची सुरी माझ्या पिशवीत कायम असते, तुझ्याकडे जेवायला यायचे तेव्हाही असायची. पण दातांचा वरचा-खालचा साचा बसवून चावा तपासायचं ते अडीच किलोचं यंत्र कुणी सहज म्हणून नेत नाही. बरोबर पकडलंस. त्याचं उत्तर या पत्रात आहे. फक्त मला माझ्या क्रमाने येऊ दे.

विमानतळावरून आम्हाला थेट एका वसतिगृहात नेलं होतं, ते तुला माहीत आहे. चौदा दिवस एक खोली, एक खाट, दाराबाहेर ठेवलेलं ताट. पंधराव्या दिवशी घरी आले. आईने दार उघडलं ते मास्क लावून. मला वाटलं, ठीक आहे, मी विमानातून आलेली. पण दुसऱ्या दिवशीही मास्क, तिसऱ्या दिवशीही. घरात आम्ही दोघीच, आणि ही बाई चहा प्यायलासुद्धा स्वयंपाकघरात जाऊन माझ्याकडे पाठ करते. जेवायला मला बाहेरच्या टेबलावर बसवायची आणि स्वतः आत दार लोटून जेवायची. बोलणं हूं आणि उंहूं. नऊ दिवस हे चाललं. तुला मी तेव्हा फोनवर सांगितलं की आईला माझी भीती वाटते, आणि तू म्हणालीस, बघ, हेही त्याच विस्मरणाच्या आजाराचं लक्षण. मला ते पटलं नाही. पण मी काही बोलले नाही. मी काही बोलले नाही हे वाक्य या पत्रात अजून एकदा येणार आहे.

खालच्या मजल्यावरचे टेलर मला जिन्यात भेटले. ते म्हणाले, तुमच्या आई आधी खिडकीतून तासभर गप्पा मारायच्या, आता तीन वर्षं झाली, काही हवं असलं की चिठ्ठी लिहून टोपलीतून सोडतात. “आम्हाला वाटलं, मुली परदेशात, म्हणून बाई शिष्ट झाल्या.” चिठ्ठ्या त्यांनी जपून ठेवल्या होत्या, कारण मागच्या कोऱ्या बाजूवर ते गिऱ्हाइकांची मापं लिहितात. मी वाचल्या. ताई, जिला महिने उलटे म्हणता येत नाहीत असं त्या डॉक्टरीणबाईंनी लिहून दिलं, त्या बाईने चिठ्ठीत लिहिलं होतं : ‘परकराची नाडी गेल्या खेपेला अर्धी वीत कमी दिलीत. कापड माझं होतं.’

दहाव्या दिवशी दुपारी मी पाणी घ्यायला न सांगता आत गेले. आई ओट्याशी उभी राहून दुधात कुस्करलेला पाव चमच्याने खात होती. मास्क हनुवटीखाली. तिच्या चेहऱ्याचा खालचा भाग आत बसला होता, नाक आणि हनुवटी एकमेकांच्या जवळ आली होती. अकरा वर्षं मी दातांचं काम केलंय, पण असा चेहरा फक्त पुस्तकातल्या आकृतीत पाहिला होता. तिने हाताने तोंड झाकलं आणि म्हणाली, “बघू नकोस.”

मी तिथेच फरशीवर बसले. मग तीही बसली. नंतर उठून तिने कपाटातून एक डबी काढून माझ्यासमोर ठेवली. आत कवळी होती, वरची आणि खालची. स्वच्छ, नवीकोरी. चावल्याची एक खूण नाही.

तर गोष्ट अशी होती. तिची कवळी बसत नव्हती. ती फक्त रविवारी, आपला व्हिडिओ कॉल यायच्या आधी पाच मिनिटं घालायची आणि कॉल झाला की काढायची. घातली की हिरड्या सोलून निघायच्या, खालची जिभेवर चढायची, ‘स’ म्हटलं की दातांवर दात आपटून खटखट व्हायची. म्हणून ती हूं म्हणायची. म्हणून हसायची नाही. म्हणून ‘बरंय, ठेवते’ म्हणून मधेच फोन ठेवायची, आणि तू म्हणायचीस, आईचं लक्ष लागत नाही हल्ली. बाकीचा आठवडा ती तोंडात काही न घालता राहायची. दूध, पातळ डाळ, कुस्करलेला बटाटा. तीन वर्षं. दातांच्या डॉक्टरांकडे का गेली नाही म्हणशील, तर आधी लाजेने गेली नाही, आणि मार्चपासून त्यांचा दवाखानाच बंद होता.

टेबलावर बसून बटाटे सोलता सोलता मी तिला सहज म्हटल्यासारखं विचारलं, शंभरातून सात गेले किती? तिने माझ्याकडे एकदा पाहिलं आणि मग सोलणं न थांबवता, बोबड्या आवाजात, त्र्याण्णवपासून दोनपर्यंत आली. वर म्हणाली, आता खाली जाता येत नाही, उणे होतं. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये तीस वर्षं आकडे सांभाळलेली बाई आहे ती. मी विचारलं, मग त्या डॉक्टरीणबाईंना का नाही सांगितलंस?

“तोंड उघडलं असतं तर खालची बाहेर पडली असती. त्या बाईसमोर, जावयासमोर. त्यापेक्षा वेडी म्हणाले तर म्हणाले.”

आई जेवायला हाक मारते आहे. उरलेलं नंतर लिहिते.

दुपार, चार वाजले

वर वाचून पाहिलं. ‘तिची कवळी बसत नव्हती’ असं लिहिलंय, जसं काही ती आकाशातून पडली. तुझ्या लक्षात आलंच असेल. ती कवळी मी केली होती. हे वाक्य लिहायला मला इतकी पानं लागली.

तुला आठवतं का, तीन वर्षांपूर्वी आईची जुनी कवळी बेसिनमध्ये पडून तुटली? इथले डॉक्टर चिकटवून देतो म्हणत होते. मीच फोनवर म्हटलं, फेकून दे ती, मी तुला नवी करते, बघ तरी तुझी लेक काय करते ते. तिने फेकली. डॉक्टरांनी माप घेतलं, साचे ओतले, मेणावर चावा घेतला आणि सगळं पार्सलने पाठवलं. साचे चांगले होते. मेण वाटेत उन्हाने मऊ झालं होतं. चावा हलला होता, हे मला पार्सल उघडताक्षणी दिसलं. नवीन मेण पाठवून पुन्हा चावा घ्यायला सांगायला हवं होतं. त्यात तीन आठवडे गेले असते, आणि आईचा सत्तरावा वाढदिवस दहा दिवसांवर होता.

मी डोळ्याच्या अंदाजाने चावा लावला. दातांची लांबी तुझ्या लग्नातल्या फोटोवरून घेतली, ज्यात ती हसते आहे. मेणातले दात तोंडात लावून बघायची ट्रायल घ्यायचा प्रश्नच नव्हता, तोंड सात हजार किलोमीटरवर. भाऊजींच्या लॅबमध्ये भिंतीवर माझ्याच अक्षरात पाटी आहे : ट्रायल झाल्याशिवाय पुढे जायचं नाही. नव्या मुलींना मी पहिल्या दिवशी ती पाटी दाखवते. आणि सख्ख्या आईचे दात ट्रायलशिवाय शिजवून पक्के करून, चकाकवून, डबीत घालून पाठवले. भाऊजींनी ते कारागिरीचा नमुना म्हणून सगळ्यांना दाखवले होते, तेव्हा मी कौतुक करून घेतलं.

आता यंत्राचं.

ती कवळी घालून आई पहिल्या रविवारी स्क्रीनवर आली तेव्हा तू म्हणालीस, किती तरुण दिसते. मी पाहिलं, तिचे ओठ मिटत नव्हते. हनुवटीचा स्नायू ताणलेला होता. चावा उंच झाला होता, निदान चार मिलिमीटर. कुठल्याही शिकाऊ पोरीला कळलं असतं. मी विचारलं, आई, बसते ना नीट? ती म्हणाली, छान आहे. मी म्हटलं, सवय होईल. दर रविवारी मी ते ओठ पाहत होते, ताई. तीन वर्षं. आणि फेब्रुवारीत तू त्या डॉक्टरीणबाईंना व्हिडिओवर आणलंस, त्या महिने उलटे म्हणायला सांगत होत्या आणि आई मान हलवत होती, तेव्हा मी तुझ्या शेजारी, त्याच सोफ्यावर बसले होते. मला माहीत होतं ती का बोलत नाही. पूर्ण माहीत नव्हतं, पण विचारण्याइतकं नक्की माहीत होतं. मी काही बोलले नाही. बोलले असते तर माझं काम चुकलं हे सगळ्यांसमोर कबूल करावं लागलं असतं. आईने आपली लाज झाकली आणि मी माझी. फरक एवढाच की तिच्या लाजेचा त्रास फक्त तिला झाला.

म्हणून यंत्र बॅगेत घातलं. तू म्हणतेस तसं माझं ठरलेलं नव्हतं. मला संशय होता, आणि विमानात बसेपर्यंत तो मी स्वतःलाही सांगितला नव्हता.

तू त्या निवासाच्या कागदावर सही केलीस ती डॉक्टरीणबाईंच्या शब्दावर. त्याबद्दल मी तुला काही बोलणार नाही. तो शब्द माझ्या गप्प बसण्यावर उभा होता. पण आता तुला खरं कळलंय, आणि त्या कागदावर दोघींच्या सह्या लागतात. माझी होणार नाही. मी गुरुवारी निवासाच्या व्यवस्थापकांना तसं लेखी कळवलं, आणि त्यांनी काल सकाळी पोच दिली. खोली दुसऱ्या कुणाला मिळेल. बरं झालं.

पुढचं थोडक्यात. इथले दातांचे डॉक्टर बहात्तर वर्षांचे आहेत, मुलाच्या घरी जाऊन बसले होते. मी रोज फोन करायचे. पहिल्या आठवड्यात ते म्हणायचे, माझं वय बघा. दुसऱ्या आठवड्यात म्हणायचे, तुमचं धाडस बघा. जुलैत कंटाळून आले, दोन मास्क, वर काचेची ढाल, अंगावर प्लास्टिकचा झगा. मी तोंडात हात घालू शकत नाही, तो माझा अधिकार नाही. माप त्यांनी घेतलं. मी मागच्या खोलीत उभी होते आणि त्याच मिनिटाला साचा ओतला. त्याआधी पंधरा दिवस आईला रविवारीसुद्धा कवळी घालू दिली नाही, हिरड्या भरून यायला हव्या होत्या. तेव्हाच मी तुला सांगितलं होतं की कॅमेरा बिघडलाय. तोही बिघडला नव्हता.

मेणातल्या ट्रायल तीन झाल्या. पहिल्याच ट्रायलला आई आरशात बघून म्हणाली, हे नको. का? तर म्हणाली, “तू परत तो लग्नातला फोटो समोर ठेवलायस. त्यात मी बावन्न वर्षांची आहे. त्या बाईचे दात मला कशाला?” डॉक्टर ढालीमागे इतके हसले की ढाल वाफेने धूसर झाली. मी फोटो ठेवून दिला आणि तिच्या समोर खुर्ची ओढून बसले. ओठ कुठे टेकतात, बोलताना दात किती दिसतात, गप्प असताना किती. तीन वर्षांपूर्वी जे करायला हवं होतं ते.

दात तयार झाल्यावर बोलायची सवय करावी लागते. डॉक्टर ‘स’ तपासायला साठ ते सत्तर म्हणायला लावतात ना, तसं मी सांगितलं. एकसष्ट, बासष्ट, त्रेसष्ट. आईने ते तीन दिवस केलं, मग म्हणाली, हे शेंबड्या पोरांचं आहे, आणि खिडकीत जाऊन टेलरना हाक मारली. परकराच्या नाडीपासून सुरुवात झाली. पाऊण तास. ते खाली उभे राहून ऐकत होते आणि मधे मधे हो बाई, हो बाई म्हणत होते. मी आत चणे भिजत घातले. सप्टेंबरात तिने ते चावून खाल्ले.

तुला वाटेल, झालं ना मग, दात बसले, आता परत यायला काय हरकत होती. हे तू नक्की विचारणार, म्हणून आधीच सांगते.

डॉक्टरांकडे मी आठवड्यातून चार दिवस जाते. इथली लॅब बंद पडली, कारागीर आपापल्या गावी गेले आणि लोकांच्या कवळ्या मात्र तुटायच्या थांबल्या नाहीत. मागची खोली म्हणजे एक खिडकी, एक मोरी, दगडी ओटा आणि पाय हलणारं टेबल. तिथे माझं यंत्र आहे. परवा एक निवृत्त बस कंडक्टर आले होते. ट्रायलला त्यांनी मेणातले दात लावून ‘चला पुढे सरका’ असं तीनदा म्हणून पाहिलं आणि म्हणाले, अजून थोडं खालचं कमी करा, आवाज मागे पोचत नाही. मी कमी केलं. ताई, तिकडे अकरा वर्षांत मी किती हजार दात बसवले असतील. एकही तोंड पाहिलं नाही. खोके यायचे, खोक्यावर नंबर असायचा, खोके जायचे. नंबर कधी तक्रार करत नाही. मला वाटायचं, मी चांगली कारागीर आहे म्हणून तक्रार येत नाही.

तेव्हा आईसाठी मी त्याग केला असं कुणाला सांगू नकोस. कुणी म्हटलं तर खोडून काढ. मला त्याग जमत नाही, तुला माहीत आहे. आईला आता माझी तशी गरजही नाही, ती मला सकाळी सहाला उठवते आणि माझ्या पोळ्या कच्च्या म्हणून परत भाजते. मी राहिले कारण मला इथे राहायचंय. आणि परवाना मुद्दाम जाऊ दिला, कारण तो जिवंत असता तर तू दर रविवारी मला बोलावलं असतंस आणि मी दर सोमवारी मनातल्या मनात बॅग भरली असती. अशा बाईच्या हातून चावा नीट लागत नाही.

भाऊजी रागावतील. त्यांना सांग, माझ्या जागी त्या उंच मुलीला बसवा, तिचा हात माझ्यापेक्षा हलका आहे. माझ्या खोलीतल्या वस्तू वाटून टाक. निळा कोट तू घे, तुला नेहमी आवडायचा आणि तू नेहमी म्हणायचीस आवडत नाही. तुझ्याकडे मी अकरा वर्षं राहिले, जेवले, तुझी पोरं माझ्या खांद्यावर झोपली. त्यातलं मी काही विसरलेले नाही आणि काही नाकारतही नाही. पण उपकारांची फेड म्हणून आईला मी त्या खोलीत ठेवणार नाही, आणि मीही परत येणार नाही. तू यासाठी माझ्याशी बोलणं टाकलंस तरी नाही.

एक गोष्ट राहिली. ही मी सगळ्यात शेवटी ठेवली, कारण हिची मला भीती वाटते.

आईला निवासाबद्दल माहीत नव्हतं. मी भेटायला आले आणि परतीची विमानं बंद होती म्हणून राहिले, एवढंच तिला ठाऊक होतं. गेल्या सोमवारी मी तिला सांगितलं. सगळं. फेब्रुवारीचा सोफा, कागद, तुझी सही, माझं इथे येण्याचं खरं काम. ती मटार सोलत होती. सगळं ऐकून तिने एवढंच विचारलं, “दोघींनी ठरवलंत?” मी म्हटलं, हो. तुझं नाव पुढे करून सुटता आलं असतं, नाही केलं. ती उरलेल्या शेंगा सोलत राहिली, ताट उचलून आत गेली आणि दोन दिवस माझ्याशी एक शब्द बोलली नाही. तोंडात उत्तम बसलेले दात असताना. तेव्हा मला कळलं की याआधीची तीन वर्षं ती रागावलेली नव्हती. रागावली की ती कशी गप्प बसते ते मी विसरलेच होते.

बुधवारी संध्याकाळी तिने विचारलं, मोठीकडे आत्ता किती वाजले असतील? मी सांगितलं. म्हणाली, ती कामात असेल, रविवारी करते. काय बोलणार आहेस, असं मी विचारलं. म्हणाली, ते मी तिच्याशी बोलेन, तुझ्याशी बोलून काय उपयोग, तू समोरच आहेस, तुला रोज बोलेन. माझ्यासाठी तू मधे पडून तिला काही समजावू नकोस, हेही म्हणाली. हे पत्र मी लिहिते आहे हे तिला माहीत आहे. वाचायला मागितलं नाही.

तेव्हा उद्या असं होईल. तुझ्या सकाळी दहाच्या सुमारास फोन वाजेल. व्हिडिओ नसेल, तिला तो नको आहे, नुसता आवाज. मी घरात नसेन, त्या वेळी कंडक्टरांची दुसरी ट्रायल आहे आणि मी मुद्दाम तीच वेळ घेतली आहे. फोन स्पीकरवर टाकू नकोस. भाऊजींना दुसऱ्या खोलीत पाठव. ती रडेल असं मला वाटत नाही. ओरडणारही नाही. पण ती सगळं बोलेल, सावकाश, एकेक शब्द तोडून, जशी एक्स्चेंजमध्ये बोलायची, आणि या वेळी मधे ‘बरंय, ठेवते’ म्हणणार नाही. किती वेळ लागेल मला सांगता येत नाही. तिचं होईपर्यंत ठेवू नकोस.

इथेच राहणारी,
तुझी धाकटी